पोस्ट नंबर तीन, नाल्याचा पूल

माझी पहिली पोस्टिंग छत्तीसगडमंदी झाली, राखीव पोलिसायच्या महिला कंपनीत. शेवटची झाली आमच्याच गावच्या नाल्यावर. पहिलीवर मी साडेतीन वर्सं होती, आमच्या कंपनीतली एकबी पोरगी जिवानं गेली नाई. शेवटचीवर मी नऊ दिवस होती.

दहावी कशीबशी काढेल हाये मी. लिवाची सवय नाई, चुकलं तं पोटात घाला. पोरगी झोपेल हाये तवर लिवून घेऊन राहिली.

तिकडं आमची रोजची ड्यूटी म्हंजे आरओपी, रोड ओपनिंग पार्टी. सकायी चारले फॉल-इन, गिनती. साडेचारले गेटाच्या बाहेर. सडकेच्या दोन्ही अंगानं जवान उभे कराचे, पुलाखाली सुरुंग नाई ना ते आधी वाकून पाहाचं, मंग गाडी सोडाची. कमांडर मॅडम म्हनत, "सडक खुली, तो घर खुला." पोरगी पोटात राह्यली तवा मी राजीनामा देला अन् सासरी आली.

आमचं गाव अकोटच्या अलीकडं. झेंडूचं गाव. अंधारातच फुलं तोडाची, छोट्या हत्ती टेम्पोत भराची अन् अकोल्याच्या बाजारात न्याची. तो छोटा हत्ती माह्या पोरीचे बाबा चालवतात. मंग एका मानसाचे वाढदिवसाचे बॅनर फाट्यावर लागले. सारे त्याले भाऊ म्हनतात, मीबी तेवढंच लिवीन. त्याचे पोट्टे फाट्यावर उभे राहू लागले. फुलं आमच्याच मानसाले द्याची, आमी म्हनू त्या भावानं. ज्यानं नाई म्हटलं त्याची फुलं नाल्यात.

फुलांपुरतं राह्यलं नाई ते. शायेच्या ऑटोवाल्यानं गावात येनं बंद केलं. चहावाल्यानं फाट्यावरून टपरी उचलली. भजनाले कोनी निंघेना. पोरगी पाहाले येनारे पाव्हने म्हनू लागले, तुमीच पोरीले घेऊन इकडं या.

गंगूमावशी आमच्या शेजारची. साठी उलटेल, एकटी, अर्धा एकर झेंडू, तोंडात कायम तंबाखू. दसरा जवय आला तवा चक्कीवर साऱ्या बायायसमोर मले म्हने, "काहून वो फौजीन, सरकारनं तुले लेफ्ट-राइट शिकोलं ते काय चूल पेटोवाले?"

बाया हासल्या. मले झोंबलं. मी तथीच बसून पिठाच्या कागदावर सडक काढली. चार पोस्ट. एक विहारापाशी, दोन बोरिंगपाशी, तीन नाल्याच्या पुलावर, चार फाट्यावर. अकरा बाया. अकोटहून शिट्ट्या आनल्या. एक लंबी शिट्टी म्हंजे रस्ता मोकळा. तीन आखूड म्हंजे गाडी थांबवा.

पहिल्या दिवशी पाच दहाले मी फोन लावला.

"पोस्ट तीन, रिपोर्ट."

"मच्छर हायेत वो."

"मावशी, ओके हाये का नाई ते सांग."

"ओके हाये. तंबाखू नाई हाये."

त्या दिवशी गाडी निंघून गेली. दुसऱ्या दिवशीबी गेली. भाऊचे पोट्टे फटफट्यायवर बसून आमाले, हातात इळे घेतलेल्या बायायले, पाहात राह्यले. सहाव्या दिवशी चहावाला स्टो घेऊन वापस आला.

मंग बायायचं भांडन लागलं. रोज मलेच फाटा काहून? तिले काहून नाई? तवा मी कॅम्पासारखं रोस्टर बनवलं. नाव, पोस्ट, किती ते किती, रिलीफ कोन. चक्कीच्या भिताडाले चिकटवलं. पोस्ट तीनवर मी अन् मावशी. माही पोरगी चार महिन्यायची, रोज पाच वीसले भुकेनं उठे. तिले पाजाले घरी जानं, तेबी मी लिवलं, कारन कॅम्पात पानी प्याले गेलं तरी लिवा लागते. सव्वापाच ते पाच पस्तीस, गंगूमावशी एकटी. माह्या अक्षरात.

कोनीतरी त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. वा फौजीन, वा फौजीन झालं. मलेबी बरं वाटलं.

कॅम्पाच्या बोर्डावरचा कागद कॅम्पातलेच वाचतात. गावाले तारेचं कुंपन नसते. हे मले समजाले पायजे होतं. साडेतीन वर्सं सरकारचं खाल्लं मी.

नववा दिवस. दसऱ्याले दोन दिवस बाकी. गाडी वरपर्यंत भरेल. सव्वापाचले मी म्हटलं, "मावशी, जाऊ का?"

"जाय जाय. तुह्या साहेबाचा टाइम झाला." माह्या पोरीले ती साहेब म्हने.

"एकटी राह्यशीन?"

"वीस वर्सांपासून एकटीच हावो मी. वीस मिनिटानं काय होते?"

पाच वीसले पोरीले छातीशी घेतलं. पाच चोवीसले शिट्टी झाली. तीन आखूड. जराकानं पुन्हा तीन. तिसऱ्यांदा दोनच वाजल्या.

मी पोरीले तशीच हातावर घेतली अन् पयाली, पायात चप्पल नाई, पदराचा पत्ता नाई, पोरगी रडून राहिली अन् मी नुसती आयकून राहिली का तिसरी वाजते, आता वाजते, बोरिंगपाशी आमची गाडी उलटी फिरताना दिसली, हे आतून वरडले, मी थांबली नाई, अन् पुलावर पोचली तवा पाच अठ्ठावीस झाले होते. बिनानंबरची जीप फाट्याकडं जाऊन राहिली होती. मावशी कठड्यापाशी पडेल. शिट्टी हातातच.

"थांबली काय वो गाडी?"

"थांबली मावशी."

"मंग ओके हाये," म्हने.

तिले त्याच गाडीत, झेंडूवर झोपवून अकोटले नेलं. सहा दहाले डॉक्टर बाहेर आले. माह्या पोरीचा बाप वाचला तिच्यानं. मी तिले माह्या हातानं एकटी लिवली होती.

ठान्यात लिवून घेतलं, अज्ञात वाहनाची धडक. मी म्हटलं, "साहेब, टाइम लिवा. पाच चोवीस." त्यायनं लिवलं, पहाटेच्या सुमारास. जीपचं म्हटलं, तं म्हने, "तू पाह्यलं का धडक देताना? तू तं घरी होती नं?"

मी घरी होती.

दुसऱ्या दिवशी गावानं फुलं फाट्यावर भाऊच्या मानसाले नेऊन देली, मुकाट्यानं, सारीच्या सारी. तिरडीवर टाकाले घरोघरी ओंजयभर फूल नाई. एकच हार आला, मानसाएवढा, वर पट्टी, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली भाऊचं नाव. पोट्ट्यायनं आनून मावशीच्या छातीवर ठेवला. कोनी हात लावला नाई. आमचे हेबी खाली पाहात राह्यले.

मी तो काढला. पुलावर गेली अन् नाल्यात टाकला. सासूबाई एवढंच म्हनल्या, "मेली तू आता."

तवापासून रोज एक फटफटी आमच्या फाटकापाशी येते, इंजन बंद करते, थांबते, निंघून जाते. हे म्हनतात, तिवस्याले मायकडं जाऊन राह्य. मले लय भेव लागते. कडी लावली का ते मी तीनतीनदा पाहातो. चक्कीवरचा कागद मी फाडून टाकला, पन ग्रुपवरचा फोटो जात नाई.

पोस्ट तीन. नाल्याचा पूल. गंगूमावशी. ड्यूटीवर होती, पोस्ट सोडली नाई. कुठल्याच कागदावर हे नाई, म्हनून इथी लिवलं.

पोरगी अजूनबी पाच वीसलेच उठते. मी तिले घेऊन दाराशी बसतो. ती पीत राह्यते अन् मी कान लावून राह्यतो. दोन वाजल्या होत्या. तिसरी अजून वाजाची हाये.