मांडीवर बसून परीक्षेला आलेलं मॉडेल

मंडळी, सुटले एकदाची! चाळिशीनंतर सुरू केलेल्या एम.आर्क.चा माझा प्रबंध आज मंजूर झाला.

सकाळी मात्र रडायची वेळ आली होती. शिरूरला एसटीत चढले, तर पाय ठेवायला जागा नव्हती आणि हातात इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल. परीक्षेला निघालेय म्हटल्यावर पुढच्या सीटवरच्या पागोटेवाल्या आजोबांनी ते मांडीवर घेतलं. मी गर्दीत मागे ढकलली गेले.

कोरेगाव भीमाला करकचून ब्रेक लागला. मी ओरडले, "आबा, मोडलं का हो?"

"न्हाई वो! नवं कोकरू असंच आनतो मांडीवर. गप उभ्या ऱ्हावा."

पुण्यात एकही भिंत हललेली नव्हती. "पास झाल्यावर कळवा बरं का, ताई," ते म्हणाले. घाईघाईत मी हो म्हणून पळाले.

नाव-गाव न विचारता दिलेला हा शब्द आता कसा पाळू? शिरूरकडचं कुणी वाचतंय का?