उघाडीवरची बादली

सकाळी ओहोटी असली की उघाडीवर ती कोळीण दिसायचीच. आमच्या वाड्यांतलं पाणी या उघाडीच्या दरवाजातून खाडीत जातं. त्याच्या तोंडाशी जाळं लावून ती गुडघाभर चिखलात उभी असायची. शाळेत शिकवायला जाताना मी स्कूटर थांबवून बघत राहायचे. जाळ्यातली बोयट माशाची पिल्लं ती ओंजळीने खाडीत सोडायची आणि दर ओंजळीला “जा गो” म्हणायची, जशी काही लेक सासरी निघालीय. तिलापी मात्र थेट बादलीत.

“त्यालाही सोडा की बिचाऱ्याला,” मी एकदा म्हटलं.

ती हसली. “मासा वाईट नाय, बाय. मच्छर खाईल म्हनून आमीच त्याला बावखलात सोडला. त्यानं बोयटाची पिल्लंच खाल्ली. आता खाडीत पसरला तर आमच्या जाळ्यात काय येनार?”

बावखलं म्हणजे आमच्या वाड्यांतली तळी. गेल्या उन्हाळ्यात गावाने ती उपसून तिलापी वेचून काढला. घरोघर फिरून लोकांना कामाला जुंपणारी हीच, हे मला मागाहून कळलं. नाव विचारायचं तेव्हाही राहिलंच.

पावसाळा सरला. परवा ती उघाडीवर चक्क बसलेली दिसली. तिला बरं नसेल, असं वाटून मी घाईने जवळ गेले. जाळं नेहमीच्या जागी होतं, आत नुसती बोयटाची पिल्लं चमकत होती.

“आज बादली नाही आणली?” मी विचारलं.

तिने हसत खाली बोट दाखवलं. बादली पालथी घालून ती तिच्यावरच बसली होती.