न झाडलेली दुसरी गोळी

माझ्या बहिणीचा नवरा क्लॉडियस मारूफू शिकारी होण्याच्या कितीतरी आधी शिकाऱ्यासारखा दिसायला लागला. शिकाऱ्यांची लेखी परीक्षा कशीबशी पास झाला, शिकाऊ परवाना हातात पडला आणि लगेच बिबट्याच्या ठिपक्यांची पट्टी लावलेली टोपी डोक्यावर आली. ती घालूनच तो आमच्याकडे सदजा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खायला बसायचा. आमच्यात जावयाने सासूसमोर मान खाली घालून बसायचं असतं. हा माझ्या आईला हत्ती कसा लोळवावा ते समजावत बसे. हत्ती त्याने तोवर बसच्या खिडकीतूनच पाहिले होते.

पुढे तो झांबेझी नदीच्या खोऱ्यात फोस्लू नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या हाताखाली लागला. त्याच तळावर मी माग काढायचो, त्यामुळे त्याचं सगळं शिक्षण माझ्यासमोरच झालं. गाडीची चाकं बदलायची, कातड्यांना मीठ चोळायचं, पैसे मोजून शिकारीला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या दारूसाठी बर्फ सांभाळायचा. पाहुण्याने एखादा म्हातारा, लंगडा रानरेडा पाडला की "काय नेम आहे साहेब!" म्हणायचं. यातलं शेवटचं काम त्याला सुरेख जमायचं.

फोस्लू त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचा. "पडलेल्या जनावरावर विश्वास ठेवू नकोस. आधी दुसरी गोळी घाल, मग श्वास घे."

"हो साहेब," क्लॉडियस म्हणायचा. नंतर माझ्या कानाशी लागायचा, "म्हाताऱ्याचे हात कापतात रे, म्हणून त्याला दोन लागतात."

पक्क्या परवान्यासाठी रानातली परीक्षा असते. उमेदवाराने स्वतःचा तळ उभारायचा, परीक्षकांना जेवू घालायचं आणि त्यांच्यादेखत हत्ती मारून दाखवायचा. क्लॉडियसने टेबलावर इस्त्रीची चादर घातली होती. माग काढायला मला नेलं होतं.

सकाळी एका नराचा ताजा माग लागला. वारा हत्तीकडून आमच्याकडे येत होता, त्याला आमचा वास लागणार नव्हता. आम्ही अगदी जवळ गेलो, क्लॉडियसने गोळी झाडली आणि हत्ती खाली बसला. इथवर सगळं ठीक होतं. पण याने बंदूक खाली केली, हत्तीकडे पाठ फिरवली आणि टोपी सारखी करत हा मला म्हणाला, "मेव्हण्या, फोटो काढ."

"दाजी, तो उठतोय," मी म्हणालो.

दाजींनी मागे पाहिलं आणि ते पळाले. मागे उभ्या असलेल्या परीक्षक बाईंना धक्का देऊन पळाले. बाई वयस्क, काटकुळ्या. त्यांनी जागेवरूनच दोन गोळ्या घालून हत्ती पाडला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "मारूफू, तुमच्यासोबत पाहुणा असता तर त्याची बायको आत्ता विधवा झाली असती."

क्लॉडियस टोपी मांडीवर ठेवून झाडाखाली बसला होता. मला क्षणभर कीव आली. पण तळावर पोचेपर्यंत त्याचं काडतुसांना, सूर्याला आणि शेवटी मला दोष देऊन झालं होतं, मग कीवही गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा द्यायच्या परीक्षेच्या तोंडावर त्याच्या पोटात दुखू लागलं. माझी बहीण मैदेई म्हणाली, "यांचं पोट हत्तीचं नाव काढलं की दुखतं, ताट वाढलं की थांबतं."

आता तो करिबा तलावाकाठच्या एका हॉटेलात पर्यटकांना गाडीतून जनावरं दाखवतो. मरत्या हत्तीच्या डोळ्यांत पाहिलं आणि बंदूक कायमची टाकली, असं त्यांना सांगतो. बायका डोळे पुसतात. परवा मीही त्याच्या गाडीत मागच्या बाकावर होतो. एक हत्तीण रस्त्यावर आली. क्लॉडियसने गाडी थांबवली आणि आदराने गप्प राहा, असं सगळ्यांना हलक्या आवाजात सांगितलं. ती वळून जाईपर्यंत त्याची बोटं गाडीच्या किल्लीवरून हलली नाहीत.