वाढत्या अंगाची बॅट

माझ्या अकरा वर्षांच्या मुलासाठी मी पुऱ्या वाढलेल्या माणसाची बॅट विकत आणली. चांगला शुद्धीवर असताना, मुद्दाम पुण्याला जाऊन!

तेव्हा आम्ही लोणावळ्यात राहत होतो. आमचा मधू पहिल्यांदाच शाळेच्या टीममध्ये आला होता. मास्तरांनी बजावलं होतं, "रविवारी तळेगावविरुद्ध नीट खेळलास तर टीममध्ये राहशील. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." झालं! मुलापेक्षा माझ्याच अंगात वारं शिरलं.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "अकरा वर्षांचा ना? मग चार नंबर न्या. बॅट पायाशी उभी धरली की मूठ कमरेला लागली पाहिजे."

"मोठी द्या. पोर वाढत्या अंगाचं आहे."

"साहेब, बॅट आहे ही! सदरा नव्हे, बाह्या दुमडायला!"

पण आमच्या घराण्यात वाढत्या अंगाचं सोडून कधी काही घेतलंच नाही. माझी मुंजीतली टोपी मला थेट लग्नात बसली! (तोवर ती कानांनी तोलून धरली होती.)

बॅट परत करायची वाटही मीच बंद केली. स्टेशनवरून घरी येताना लोहाराकडून तापल्या सळईनं तिच्यावर मधूचं नाव उमटवून घेतलं. चांगलं ठळक!

घरी बॅट उभी केली, तर मूठ मधूच्या छातीला लागली.

"अण्णा, मला उचलतच नाही हो!"

"अहो, ही बॅट आहे की नावेचं वल्हं?" आतून सौ.

"असू दे!" मी म्हणालो. "बॅट लहान करता येत नाही, पण मुलगा तर मोठा करता येतो!"

हातात सात दिवस होते. कुसगावचे सखाराम भाऊ आमच्याकडे दूध घालत. त्यांना म्हटलं, "भाऊ, उद्यापासून दुप्पट दूध."

"पावनं आलं व्हय?"

"नाही हो, मधूला रविवारपर्यंत चार बोटं वाढवायचाय."

भाऊंनी चरवी खाली ठेवली. "आवो, म्हशीचं दूध हाय ते. मंतरलेलं न्हाई!"

मी कुणाचं ऐकतोय? सकाळी दूध, दुपारी दूध आणि संध्याकाळी मधूला आंब्याच्या फांदीला लोंबकळत ठेवणं! खाली मी मोजतोय, "अठ्ठावीस... एकोणतीस...", वर मधू भोकाड पसरतोय. शनिवारी दाराच्या चौकटीला लावून माप घेतलं. उंची होती तेवढीच. पोट मात्र बिघडलं होतं!

रविवारी अख्खी आळी मैदानावर. दुधाची फेरी आटपून भाऊही आले. जिंकायला चार धावा हव्या होत्या, शेवटची जोडी उरली होती. मधू बॅट फरफटत आला. मी खुर्चीवर चढून ओरडलो, "फिरव, मधू! जोरात फिरव!"

पोरगं बिचारं आज्ञाधारक. दातओठ खाऊन त्यानं बॅट फिरवली. चेंडू केव्हाच निघून गेला, पण बॅट थांबेचना! तिनं मधूलाही गर्रकन फिरवलं आणि तिन्ही स्टंप आडवे केले.

मास्तरांनी वही मिटली. मधू डोळे पुसत निघाला, आणि मी तळेगावच्या बोलरवर घसरलो, "एवढ्या लहान पोराला इतका जोरात चेंडू टाकतात का रे? औट केलंस ना त्याला!"

भाऊंनी माझा दंड धरून मला खुर्चीवरून खाली उतरवलं.

"त्याच्यावर कशापायी खेकसताय? त्यानं कुटं औट केलाय? मधूला तुमी औट केला, पुन्याच्या दुकानात!"