उलट्या आट्यांची स्टेपनी

स्टेपनीचा नट मीच सैल करत होतो. एकदा नव्हे, बारा दिवस, रोज संध्याकाळी, हातभर लांब पान्यानं आणि अगदी मनापासून. त्या बारा दिवसांत या गुन्ह्यासाठी मी गावातल्या बऱ्याच भल्या माणसांवर पाळत ठेवली. यादीत माझं नाव तेवढं नव्हतं.

साठीचं दशक संपत आलं होतं. बोईसरच्या पुढे, तारापूरच्या समुद्राकाठी मोठं बांधकाम चाललं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा ट्रंकेत घालून मी घाटावरून आलो आणि तिथल्या एका ठेकेदाराकडे चिकटलो. सहा महिने बिनतक्रार गेले की पक्का होणार होतो. पाच झाले होते.

आमच्या परदेशी साहेबानं बोटीतून आपली घरगाडी आणवली होती. घरगाडी म्हणजे दोन चाकांवरची पत्र्याची खोली. आत पलंग, स्टोव्ह, एवढंसं बेसिन. जीपच्या मागे जोडायची आणि रविवारी बायकामुलांसह चिंचणीच्या सुरूच्या बनात नेऊन उभी करायची. तिची देखभाल माझ्याकडे. तिच्या पाठीला, बाहेरच्या अंगाला, एक लोखंडी चौकट होती. चौकटीत मधोमध जाड बोल्ट. त्यावर स्टेपनी अडकवायची, वरून नट आवळायचा. त्या मापाचा टायर इथे सोडाच, मुंबईतही मिळत नव्हता. साहेबानं मला पहिल्याच दिवशी आपल्या हिंदीत बजावलं होतं, "व्हील गया, तुम गया."

पालघरच्या रस्त्यानं खड्डे खाऊन खाऊन तो बोल्ट एक दिवस मोडला. मी घरगाडी बोईसर स्टेशनाजवळच्या लोहारमिस्त्रीकडे नेली. मिस्त्री साठीचा, वाळलेल्या बोंबलासारखा, बोलणं मोजकं. त्यानं मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या डाव्या चाकाचा बोल्ट काढून चौकटीत बसवला. तो मूळच्यापेक्षा आखूड होता, म्हणून चाकाचं पोट आत वळवून स्टेपनी चढवली, नट आवळला आणि हात पुसत म्हणाला, "सायेब, उलटा हाय हां. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," मी म्हटलं. आणि वहीत लिहिलं : टायर उलटा बसवणे.

मिस्त्री नुसता "उलटा" म्हणाला होता. आता टायर पुल्लिंगी, नटही पुल्लिंगी. मी समोरचा मोठा पुल्लिंगी उचलला. मराठी व्याकरणानं एखाद्याची नोकरी धोक्यात आल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

तेव्हापासून रोज काम सुटलं की मी कुंपणापाशी उभ्या असलेल्या घरगाडीकडे जायचो आणि नट उजवीकडे जरासा पिळायचो. पाव फेरा, जास्त नाही. जपलेलं बरं. पहिला आठवडा संपायच्या आत स्टेपनी हलवून पाहिली तर ती खुळखुळली. मी रोज आवळतोय, तरी खुळखुळते? म्हणजे कुणीतरी सोडवतंय.

पहिला संशय चिंचणीच्या मासेवालीवर. ती रोज संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन कुंपणाजवळून परतायची. एकदा तिनं स्टेपनीवर थाप मारून विचारलं होतं, "येवढा चांगला टायर नुसता टांगून ठेवलाय? आमच्या होडीच्या अंगाला बांधला तर धक्का नाय लागायचा." झालं. हेतू सापडला. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या टोपलीचं तोंड, नवऱ्याचं येणंजाणं, सगळं बघायला लागलो. ती म्हणे, "काय दादा, सुरमई हवी का? मेली नजर हटत नाय टोपलीवरनं!" मी म्हणे, "नको." आणि मनात म्हणे, कशी साळसूद आहे पाहा.

मग रखवालदारावर संशय. तो फारच अदबीनं सलाम करायचा.

शेवटी शास्त्रीय उपाय केला. संध्याकाळी नट पिळला की नटापासून चौकटीपर्यंत खडूची एक रेघ ओढायची. रात्री कुणी नट फिरवला तर सकाळी रेघ तुटलेली दिसणार. सकाळी गेलो तर रेघ जशीच्या तशी आणि स्टेपनी आदल्या दिवसापेक्षा सैल. दुसरा एखादा असता तर त्याला यावरून काही उमगलं असतं. मी काय काढलं? चोर पक्का आहे. काम झाल्यावर रेघही जुळवून ठेवतो. त्या दिवशी पाव फेऱ्याऐवजी अर्धा फेरा पिळला.

आठव्या दिवशी ती इतकी डुगडुगायला लागली की घरगाडी परत मिस्त्रीकडे नेली. त्यानं पाना लावून दोन हिसक्यांत नट घट्ट केला. तो पाना कुठल्या बाजूला फिरवतोय हे सहज दिसेल असा मी समोरच उभा होतो. पण माझे डोळे दुकानभर फिरत होते. कोपऱ्यात एवढे टायर कुठून आले? गोणपाटाखाली काय झाकलंय? हा माणूस मुद्दाम सैल होईल असं काम तर करत नाही ना, गिऱ्हाईक परत परत यावं म्हणून? मिस्त्रीनं विचारलं, "रोज आवळता ना?" प्रश्न मला फार सूचक वाटला. त्या संध्याकाळपासून मी पाऊण फेरा पिळायला लागलो.

बाराव्या दिवसानंतर रविवार आला. साहेबाचं कुटुंब जीपमध्ये पुढे, मी मागच्या बाकावर. चिंचणीला सुरूच्या बनात उतरलो आणि घरगाडीच्या मागे गेलो. चौकट होती. बोल्ट होता. स्टेपनी नव्हती, नटही नव्हता.

साहेब चौकटीकडे बघत राहिला. मग घड्याळाकडे. "शाम तक," म्हणाला. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

शहाण्या माणसानं आलेला रस्ता धुंडाळला असता. संशयी माणूस आधी चोराकडे जातो. एका ट्रकला लटकून मी थेट बोईसर गाठलं. दुकानात एक गाडीवान बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून घ्यायला आला होता, आणखी चारपाच जण बिड्या ओढत बसले होते. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "मिस्त्री, तुम्ही मुद्दाम सैल ठेवलात! स्टेपनी कुठंय?"

भाता थांबला. मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला.

"चाळीस वरसं ह्या हातानं आवळतोय," तो म्हणाला. "कोनी चोर म्हनलं नाय." त्यानं खिशात काहीतरी टाकलं, सायकल काढली. "बसा मागं. बघू चला."

तो पुढे पॅडल मारतोय आणि मी त्याच्या कॅरिअरवर, स्टेपनीसारखा.

बनात पोचलो तर मासेवाली सुरूखाली बसलेली आणि तिच्या शेजारी, चिखलानं माखलेली, साहेबाची स्टेपनी.

"खाजनाच्या कडंला, खाऱ्या चिखलात पडली हुती," ती म्हणाली. "नवऱ्यानं ढकलत आनली. रोज सांजच्याला तुमी हिला कुरवाळत बसता, म्हनून वळखली."

होडीला टायर हवा असलेल्या बाईनं तो परत आणून दिला होता. मला मान वर करवेना. पण मिस्त्रीला घाई होती. त्यानं स्टेपनी चढवली, खिशातून त्याच ट्रकचा दुसरा नट काढला, घट्ट बसवला आणि पाना माझ्या हातात दिला.

"रोज आवळता तसं आवळा."

मी उजवीकडे पिळलं. आधी करकरलं, मग हात हलका झाला. "अजून," मिस्त्री म्हणाला. अजून पिळलं. साहेब, मेमसाहेब, मासेवाली, सगळे बघताहेत. थोड्या वेळानं नट टपकन माझ्या तळहातावर आला.

"सांगितलं हुतं," मिस्त्री म्हणाला, "उलटा हाय."

ट्रकच्या डाव्या चाकांच्या बोल्टांचे आटे उलटे पाडतात, चाक फिरताना नट आपसूक सुटू नये म्हणून. तो नट डावीकडे पिळला की आवळतो, उजवीकडे पिळला की सुटतो. हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत मी त्याची आकृतीही काढली होती.

साहेबाला समजायला भाषा लागली नाही. त्यानं माझ्या हातातून पाना काढून मिस्त्रीला दिला. "नौकरी रहेगा," मला म्हणाला, "ये नहीं रहेगा." मेमसाहेब तोंडावर रुमाल धरून घरगाडीत गेली.

मी मिस्त्रीची माफी मागितली. त्यानं मान हलवली. "हितं नको. जितं बोललात तितं बोला."

पुन्हा कॅरिअरवर बसून बोईसर. गाडीवान चाकाशेजारी तसाच उकिडवा बसलेला. बाकीचेही हललेले नव्हते, बहुधा यासाठीच. मी उभा राहून सांगितलं, "मिस्त्रींचा काही दोष नाही. नट मीच सैल करत होतो. रोज. आवळतोय समजून."

गाडीवानानं बिडी विझवली, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "मिस्त्री, माजी धाव ऱ्हाऊ द्या मागनं. आदी ह्याला आवळा. लय सैल हाय."