दहापैकी दहा

फळ्यावर सर आधी समुद्र काढायचे. त्याखाली अल्जीरिया, आणि आतल्या मळ्यांपासून बंदराकडे जाणारा रेल्वेचा रूळ. त्या रुळावरून खडू खर्रकन ओढत न्यायचे आणि वर्गाकडे वळायचे. "गाडी गेली. सांगा बरं, कुणासाठी गेली?"

बोलता बोलता त्याच खडूनं डोकं खाजवायचे. मुलं म्हणायची, सर दुपारपर्यंत म्हातारे होतात.

केज तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत. म्हणजे दर जूनला नवी नेमणूक, तीही वरच्यांची मर्जी असेल तर. मी कायमचा, विभागप्रमुख. अशी जोडी तुम्हीही पाहिली असेल. राबणारा एक, खुर्ची दुसऱ्याची.

गाइडात लिहिलं होतं, फ्रेंचांनी अल्जीरियाचा आर्थिक विकास केला. रस्ते, रेल्वे, बंदरं, द्राक्षमळे. ते वाचलं की सर पेटायचे. "गव्हाची जमीन हिसकली, द्राक्षं लावली, दारू करून फ्रान्सला धाडली. अन् मळ्यात राबणारे बहुतेक मुसलमान, दारूला शिवत बी नव्हते! लई भारी इकास!"

"सर, परदेशासाठी इतकं का तापता?" मी एकदा विचारलं.

"आमची माय ऊसतोडीला जायची. कारखान्याचा रस्ता लई गुळगुळीत. आमच्या वस्तीला अजून डांबर न्हाई."

तो कारखाना आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा होता. मी चहा मागवला.

चाचणीत अल्जीरियाच्या विकासावरच प्रश्न आला. दिवाळीपासून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली एक मुलगी परीक्षेपुरती आली होती. तिनं चारच ओळी लिहिल्या. 'रूळ मळ्यापासून बंदरापर्यंत होता. द्राक्षं तोडणाऱ्यांच्या घरापर्यंत नव्हता. आमचंही तसंच आहे. विकास मालकाचा झाला.' सरांनी दहापैकी दहा दिले. अध्यक्षांच्या पुतण्यानं गाइड जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याला चार.

अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. "पोरीला चार, पोराला आठ. गाइडापरमानं."

"उत्तर बरोबर हाय तिचं. म्या बदलणार न्हाई," सर म्हणाले आणि उठले.

पेपर माझ्यापुढे सरकले. अध्यक्षांचा संताप येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो. त्यांनी फक्त सांगितलं होतं. लाल पेन माझं होतं, खाली सहीही माझी. नोकरी कायमची, भीती कशाची होती मला?

जूनच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. कपाटातली पुस्तकं पिशवीत भरताना त्यांनी मला एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "त्या पोरीला तेवढं सांगा," म्हणाले, "दहाच होते."

त्यांचे तास आता मी घेतो. गेल्या आठवड्यात तास संपल्यावर ती मुलगी तोच पेपर घेऊन आली. जपून ठेवला होता तिनं.

"सर, माझं काय चुकलं होतं?"

मी म्हणालो, "गाइड वाचत जा."