भुकेची गोळी आणि अक्कांचं मापटं

अक्कांना औषध औषधासारखं घेता येत नसे. कुणी काही कडू, तुरट, बेचव सुचवलं की त्या आधी ते जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला स्वल्प गूळ पाहिजे." गूळ आला की मागोमाग चिंच यायची, चिंच आली की फोडणी, आणि संध्याकाळपर्यंत त्या औषधाचा एक पदार्थ झालेला असायचा.

येलहंक्याच्या जुन्या वस्तीत अक्कांचं घर आहे. तिथल्या गच्चीवरच्या खोलीत मी कॉलेजची सगळी वर्षं भाड्याने राहिले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि उंबरठ्यावर दोन्हींची मिसळ. मी बिदरकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विषय होता आहार आणि पोषण. बाबा पिठाच्या गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पोरगी जेवणाचं शिकते." लोक विचारायचे, "त्यात शिकायचं काय?" पहिल्या वर्षी मलाही याचं नीट उत्तर देता येत नसे.

अक्कांचे गुडघे गेले होते. माझ्या खोलीचा जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशीच सुरू व्हायचा, पण त्या तो चढू शकत नसत. रोज सकाळ-संध्याकाळ पहिल्या पायरीशी उभ्या राहून वर हाक मारायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. सुरुवातीला मी इमानदारीने सांगायची, "हो अक्का, मेसमध्ये जेवले." त्यावर खालून यायचं, "मेसचं जेवण मोजायचं नसतं. खाली ये."

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, गुडघे बदलू, पण आधी वजन उतरवा. अक्कांना ते पटलं होतं. पायऱ्या चढायच्या होत्या त्यांना. गच्चीवर त्यांनीच लावलेला कढीपत्ता होता आणि तो आता कसा दिसतो हे त्या मला विचारायच्या, जसं परगावच्या नातेवाइकाबद्दल विचारावं.

वजन उतरवायचं म्हणजे भूक कमी करायची, असं शेजारच्या बायकांनी ठरवलं आणि उपायांची रांग लागली. भिजवलेली मेथी उपाशीपोटी खा, असं कुणी सांगितलं. अक्कांनी एकदा खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मेथीचं गूळ-चिंच घालून आंबटगोड गोज्जू झालं. कुणी जवस सांगितले. त्यांची लसूण घालून चटणी झाली, आणि त्या चटणीबरोबर नेहमीपेक्षा एक डोसा जास्तच गेला. इसबगोल ताकात घातला, वर हिंग-मोहरीची फोडणी दिली. वाढेपर्यंत त्याचा असा गोळा झाला की पळी उभी राहिली. तोही त्यांनी टाकला नाही. कोकमाने भूक मरते असं कळल्यावर नारळाच्या दुधातलं सार झालं. त्या दिवशी मी स्वतः तीनदा भात घेतला.

"भूक मारायची, मारायची म्हणतात," सार ओतताना अक्का म्हणाल्या, "भूक काय उंदीर आहे?"

पण एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी मान वर न करता विचारलं, "पोरी, तू शिकतेस ना हे? खरं सांग. अशानं भूक कमी होते का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारत होतं, आणि मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "कॉलेजातल्या मॅडमना विचारून सांगते." मॅडमनी शांतपणे समजावलं. मेथी, इसबगोल यांत तंतू असतात. ते पाण्यात फुगतात, पोट थोडं भरल्यासारखं वाटतं, काहींना त्याचा थोडासा उपयोग होतोही. पण नुसत्या त्यावर वजन उतरेल अशी आशा कुणाला लावू नये. बाकीच्या बऱ्याच गोष्टींचे दावे मोठे आणि पुरावे लहान. मी हे सगळं अडखळत अक्कांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गोज्जू करायला हरकत नाही. सरी, ठीक आहे."

मग बाटली आली. अक्कांचा मुलगा मोहनदादा सर्जापूर रोडला राहतो. येलहंका शहराच्या एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला. मधली वाहतूक बघता वेगळ्या गावीच म्हणायचं. एका रविवारी तो कोकमाच्याच जातीच्या कुठल्याशा फळाच्या कॅप्सूल घेऊन आला. बाटलीवर हिरवं पान होतं. "आई, पूर्ण नॅचरल आहे, काही होत नाही," तो म्हणाला. त्याला आईची काळजी होती, हे त्याच्या बोलण्यात दिसत होतं. अक्कांनी बाटली देवाजवळ ठेवली आणि दोन्ही वेळा न चुकता घेऊ लागल्या. एवढ्या उपायांत हा एकच असा होता, ज्याला त्यांनी फोडणी दिली नाही. मुलाने आणला होता ना.

मला चैन पडेना. अक्कांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. पण मी कोण सांगणार? भाडेकरू. शेवटी पुढच्या तपासणीला मी सोबत गेले आणि बाटली पिशवीतून नेली. डॉक्टरांनी मागचं लेबल वाचलं आणि बाटली बाजूला ठेवली. "हे बंद. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी असतं असं नाही. अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला त्रास झालेला आहे. जेवता काय ते सांगा."

अक्कांनी सांगितलं. सकाळी दोन इडल्या, दुपारी दोन चपात्या, संध्याकाळी थोडा भात. त्यात एक शब्द खोटा नव्हता. डॉक्टर वजनाच्या काट्याकडे पाहत राहिले.

त्या संध्याकाळी मी खाली जेवले. माझं झाल्यावर ताट ठेवायला आत गेले, तर अक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या. हातात भाताचं पातेलं, त्यात ओतलेलं दही. पातेल्यातूनच त्या जेवत होत्या, सावकाश, तळ दिसेपर्यंत.

मी चाचरत विचारलं, "अक्का, हे डॉक्टरांना सांगितलंत का?"

"हे काय सांगायचं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "हे कुठलं जेवण? हे तर भांडं घासायच्या आधीचं."

"रोज एवढा भात उरतो?"

"उरणारच. मापटंभर पडतो."

डब्याशेजारी त्यांचं पितळी मापटं होतं, घासून घासून काठ पातळ झालेलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच मापाने या घरात तांदूळ पडत होता. तेव्हा पानं भरपूर असायची. मग सासूसासरे गेले, मुलगी लग्न होऊन गेली, यजमान गेले, मोहनदादा सर्जापूर रोडला गेला. मापटं तेवढंच राहिलं. अन्न टाकायचं नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळे जे कुणी त्या घरातून गेलं, त्याच्या वाटणीचं अक्का जेवत होत्या.

मला सगळं कळलं. एवढंच म्हणाले, "कमी टाकला तर?"

"आणि मोहन अचानक आला तर? आपल्याच घरी येऊन पोराने भात कधी होईल म्हणून बसायचं?"

मोहनदादा अचानक कधीच येत नसे. तो आधी फोन करायचा, आणि बहुतेक वेळा जेवून यायचा. हे अक्कांनाही ठाऊक होतं. अक्का मापट्याकडे बघत होत्या.

दोन-तीन दिवस जिन्याखालून हाक आली, पण तिच्यात जोर नव्हता. मग एका संध्याकाळी मी खाली गेले तर त्यांनी माळ्यावरून चिपटं काढून घेतलं होतं, मापट्याच्या निम्मं. ते चिंचेने घासून लख्ख केलं होतं. डबा उघडल्यावर हात मात्र सवयीने मापट्याकडेच गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि हसल्या. "हात ऐकत नाही गं. त्याला स्वल्प वेळ दे." चिपटं भरलं, काठावरून बोटाने सपाट केलं. मग आणखी एक मूठ टाकली. "ही तुझी," म्हणाल्या.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून जेवू लागले. अक्का उभ्याने जेवायच्या थांबल्या. पातेल्यात काही उरत नसे, त्यामुळे भांडं घासायच्या आधीचं जेवण आपोआप बंद झालं. काही चमत्कार झाला नाही. वजन हळूहळू, रुसत-फुगत उतरलं, मधे सणासुदीला परत चढलंही. डॉक्टरांनी चालण्याऐवजी बसल्या बसल्या करायचे व्यायाम दिले होते, तेही अक्का कुरकुरत करायच्या. पण माझ्या शेवटच्या वर्षी एकदाचे त्यांचे गुडघे बदलले.

मला बेंगळुरूतच, पण लांब महादेवपुऱ्यात नोकरी लागली. एका मोठ्या कंपनीच्या उपाहारगृहात जेवण ठरवण्याचं काम. सामान बांधत होते त्या सकाळी खालून हाक आली नाही. त्याऐवजी जिन्यावर पावलं वाजली. एक पाय, मग दुसरा, मग कठड्यावर हात. मी धावले तर म्हणाल्या, "धरू नको. तू धरलंस तर मला कसं कळणार मी चढले ते?"

वर येऊन त्या आधी कढीपत्त्याकडे गेल्या. त्याची एक फांदी हातात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग कमरेला खोचलेला पदर सोडला. त्यात मापटं होतं.

"अक्का, हे मला? मी एकटी राहणार."

"मी पण एकटीच आहे. मला चिपटं पुरतं, हे तूच शिकवलंस." त्यांनी ते माझ्या कपड्यांच्या मधोमध ठेवलं. "तुझ्या घरात माणसं यायची आहेत अजून. माझ्या घरात हे बघून मी उगाच वाट बघते."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि बोलल्या त्या इतकंच, "जेवताना बसून जेव."

खोलीतल्या फळीवर ते मापटं बरेच महिने रिकामं होतं. मागच्या रविवारी आई-बाबा पहिल्यांदा बेंगळुरूला आले. बाबांनी माझ्या कंपनीची इमारत खालूनच, मान उंच करून पाहिली. सकाळीच मी मापटं काढून धुतलं, भरलं, काठ बोटाने सपाट केला आणि तांदूळ पातेल्यात ओतला. तिघांना तो जास्त होणार हे मला माहीत होतं. मी फोन लावला.

"अक्का, ऊटा आयता?"

"अजून नाही गं. का?"

"आई-बाबा आलेत. तुम्ही पण या."

"एवढ्या लांब?" मग लगेच त्यांनीच विचारलं, "तांदूळ किती टाकलास?"

"मापटंभर."

मग त्यांचा जिन्याखालचा जुना, खणखणीत आवाज आला.

"सरी. मोहनला गाडी काढायला सांगते. त्यालाही जेवूनच जाऊ दे."